सखूचं नाव झाकायचं राहिलं

संघपालला हल्ली लोक कलाकार म्हणतात. मी त्याला रंगारी म्हणतो आणि त्यालाही तेच बरं वाटतं. एका इंग्रजी मासिकात त्याच्यावर चार पानं छापून आली होती. त्यात त्याच्या नावाआधी इतके जड शब्द लावले होते की मला वाटलं, हा कुणी दुसराच संघपाल असावा. मी रंग विकतो. हैदराबादेत गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, वडिलांनी उदगीरकडची शेती भावांवर सोपवून इथं येऊन टाकलेलं. तेव्हा कलेबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्याच्या दरवाजावर जे अठ्ठावीस थर चढलेत, त्यातल्या सव्वीस थरांचा रंग माझ्या दुकानातून गेलाय, हे मात्र छातीठोक सांगतो.

आणि ज्या कागदानं त्या माणसाला अडकवलं, तो वाचून 'कर सही' म्हणणाराही मीच. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी कुणाकुणावर डाफरेन, तेव्हा खरा राग कुणावर आहे ते तुमच्या ध्यानात असू द्या.

संघपालचे वडील देगलूरकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे पडेल त्या कामाचे मजूर, म्हणून सिकंदराबादला आले. संघपाल लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात लागला तो अक्षरं लिहायला. डब्यावरचे नंबर, 'महिला', 'साखळी ओढू नये', कुठून कुठं जाणार त्या गावांची नावं, सगळं तेव्हा हातानं लिहायचे. काठीवर मनगट टेकवून तो एका दमात असा आठ काढायचा की जोड कुठं आहे ते सापडायचं नाही. त्या कारखान्यात डबा येतो, खरवडला जातो, नवा रंग चढतो, नंबर पडतो आणि जातो. आज हावड्याला, उद्या त्रिवेंद्रमला. पण ठरल्या मुदतीला तो परत येतोच, कारण परत आल्याशिवाय तो पुढं चालणारच नाही. छत्तीस वर्षं संघपालनं हेच पाहिलं. आपण रंगवलेली वस्तू दुसऱ्याची असते, लांब जाते आणि रंगवायला पुन्हा आपल्याकडेच येते, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते कुणाला सांगावं लागतं हेच त्याला माहीत नव्हतं.

एक्क्याण्णव साली त्यानं भंगाराच्या लिलावातून डब्याचा एक दरवाजा घेतला आणि घरच्या न्हाणीला बसवला. बाकी काही नाही, न्हाणीला दार पाहिजे होतं. पुढच्या चौदा एप्रिलला सगळी वस्ती आपापली घरं रंगवत होती, तेव्हा यानंही दरवाजा रंगवला आणि गंमत म्हणून त्यावर रिझर्वेशनचा चार्ट लिहिला. त्या वर्षी घरात कोण कोण आहे, त्यांची नावं, वय आणि बर्थ. वडिलांना खिडकी, आईला लोअर, स्वतःला अप्पर. दरवर्षी नवा थर आणि नवा चार्ट. सखू लग्न होऊन आली ती चार्टात चढली, पिंकी जन्मली ती चढली. खाली वेटिंग लिस्ट असायची, तिच्यात एक नंबरला मी. "सेठ, कन्फर्म व्हायला घरात ऱ्हावं लागतंय," असं म्हणून हसायचा. तीस वर्षांत तो मला 'तुम्ही'वरून 'तू'वर आला नाही आणि मी त्याला कधी 'अहो' केलं नाही. असं का, हे मला लिहितानाच सुचतंय.

रंग कुठला, तर माझ्याकडचा न खपलेला. एप्रिल आला की तो दुकानात येऊन विचारायचा, "सेठ, कुनीच घेईना असा कोन्ता हाय?" अठ्ठ्याण्णवचा पिस्ता आठवतो. मी पन्नास डबे मागवून बसलो होतो, अख्ख्या हैदराबादेत कुणाला आपली भिंत पिस्ता नको होती. नवा थर द्यायच्या आधी तो जुना रंग तळहाताएवढ्या जागी खरवडून ठेवायचा, ती जागा तशीच सोडायचा. तिथं मागची वर्षं एकाखाली एक दिसत. मी विचारलं कैकू, तर म्हणाला, "इन्स्पेक्टरला दाखवाया. थर किती झाले ते बघतेत ना."

आता खरी गोष्ट. चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात त्याचे वडील वारले. पुढच्या एप्रिलला तो रंगाचा डबा उघडून दरवाजापुढं उभा राहिला आणि त्याचा हात काही उठेना. आई मागं उभी होती. तिनं विचारलं, "उतरले का रे तुझे बा?" हा म्हणाला, "हौ, उतरले." आणि पहिला ब्रश वडिलांच्या नावावर फिरवला. तेव्हापासून तो त्या घराचा रिवाजच झाला. घरातलं कुणी गेलं, की पुढच्या चौदा एप्रिलला सगळ्यांनी दरवाजापुढं उभं राहायचं, आधी त्या माणसाचं नाव झाकायचं आणि 'उतरले' म्हणायचं. मग बाकीचा थर, मग नवा चार्ट. आई अशीच उतरली. धाकटा भाऊ संपत अपघातात गेला, तोही असाच उतरला. विहारात पूजा व्हायची, भंते यायचे, जेवण व्हायचं, ते सगळं रीतसर. पण संघपाल रडायचा तो दरवाजापुढंच, ब्रश हातात असताना. नंतर हात धुऊन चहा मागायचा.

दोन हजार अठराला एका कलाशाळेचे सर पाटी लिहून घ्यायला आले आणि न्हाणीला गेले. अर्धा तास बाहेर येईनात. सखूला वाटलं पोट बिघडलं. सर दरवाजा बघत बसले होते. त्यांनी फोटो काढले, एका प्रदर्शनात दरवाजा मांडला आणि तिथं वसुंधरा मॅडमनी तो पाहिला. मॅडम ज्युबिली हिल्सच्या. चित्रं जमवतात आणि कोकापेटकडं त्यांनी स्वतःचं म्युझियम बांधलंय. बाई वाईट नव्हत्या, हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय. लालागुड्यात आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, सखूनं दिलेले पोहे पूर्ण खाल्ले आणि कौतुकाचा एक शब्द न काढता कितीतरी वेळ नुसतं पाहत राहिल्या. मी तोपर्यंत त्या दरवाजाकडं कधी असं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपला पिस्ता काही एवढा वाईट नव्हता.

सखूला मात्र विकायचं नव्हतं. "न्हाणीला पडदा लावते, त्येचं काई नाही," ती म्हणाली. "पन माझं नाव हाय त्येच्यावर. मी कुठं जाऊ त्या बंगल्यात?"

"वहिनी, जगभरचे लोक वाचतील तुमचं नाव," मी म्हणालो. मलाच जास्त उत्साह आला होता. आपला माणूस म्युझियमात जातोय आणि रंग आपल्या दुकानातला, ही घमेंड मला चढली होती.

संघपालनं मॅडमना एकच विचारलं, हैदराबादी हिंदीतच. एप्रिलच्या आधी पाठवणार ना? मॅडम हसून म्हणाल्या, क्यों नहीं, हर साल बुलाएँगे. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचं आमंत्रण मागतोय. याला वाटलं दरवाजा मुदतीवर कारखान्यात येणार. कागद अकरा पानी होता, इंग्रजीत. संघपालनं तो माझ्या हातात दिला. माझं इंग्रजी माल मागवण्यापुरतं आहे, पण मॅडमचा वकील समोर बसला होता आणि मला कळत नाही हे त्याच्यापुढं कबूल करायला मला लाज वाटली. चार पानं डोळ्यांखालून घातली, उरलेली सात चाळली. म्हणालो, "नेहमीचंच आहे रे. कर सही." सही करताना संघपालनं नावाखाली दोन रेघा मारल्या, पगाराच्या कागदावर मारायचा तशा.

त्या साली, म्हणजे दोन हजार एकोणीसला, दरवाजावर बदामी थर होता, चॉकलेटी अक्षरं. एक, संघपाल, साठ, लोअर. दोन, सखू, चोपन्न, लोअर. तीन, पिंकी, सव्वीस. चार, नवा जावई कुलदीप, अठ्ठावीस, कारण पोरगी लग्न करून घरातच राहिली होती.

विसच्या एप्रिलला सगळंच बंद होतं. एकविसच्या एप्रिललाही कुणाला काही सुचत नव्हतं. जुलैत सखू गेली. सकाळी दळण आणायला निघाली आणि उंबऱ्यातच बसली, तिथून उठलीच नाही. मी पोचलो तेव्हा संघपाल कोरडा ठणठणीत होता. सातव्या दिवशीही तसाच. पिंकी मला म्हणाली, "हिम्मतकाका, बाबा रोयेच नाही. डर लागतंय मला." मी म्हणालो, एप्रिल येऊ दे.

फेब्रुवारीत तो माझ्याकडं आला. टेम्पो ठरवायचा होता. मी त्याच्याबरोबर कोकापेटला गेलो, दरवाजा कधी उचलायचा ते विचारायला. तिथं तेजश्री नावाची मुलगी भेटली, त्या म्युझियममध्ये वस्तूंची देखभाल बघणारी. आपलीच, इथलीच मराठी. आजोबा बिदरकडचे. मराठी बोलायला मिळालं म्हणून फार खूश झाली.

"अंकल, टेम्पो कशाला?" तिनं विचारलं.

संघपालनं सांगितलं. खरवडणं, थर, चार्ट. सखूचं त्यानं सांगितलं नाही, नुसतं "एक नाव झाकायचं हाय" म्हणाला.

तेजश्रीचा चेहरा हळूहळू उतरला. "अंकल, ते वर्क आता कलेक्शनमध्ये आहे. टच नाही करता येत. अ‍ॅक्च्युअली कुणालाच नाही."

"मीच केलंय ना बाई ते."

"हो ना. म्हणूनच तर."

मग तिनं अकरा पानांची प्रत काढली. सातवं पान. त्यावर लिहिलं होतं की कलाकार या वस्तूत कसलाही बदल करणार नाही. आठवं पान. त्यावर लिहिलं होतं की या पद्धतीची, या मांडणीची दुसरी वस्तू तो कुठंही, कशावरही करणार नाही, कारण ही एकमेव आहे. मी दोन्ही पानांकडं बघत राहिलो. चाळलेल्या सातांतली होती दोन्ही.

आम्ही दरवाजा बघायला आत गेलो. काचेच्या पेटीत उभा होता, वर थंडगार दिवे. बाजूला पाटी, इंग्रजीत आणि तेलुगूत. तेजश्रीनं मला अर्थ सांगितला. पिस्ता रंग म्हणे शहरानं गमावलेल्या हिरवाईचा शोक आहे. मी एवढ्या मोठ्यानं हसलो की पहारेकरी वळला. संघपाल हसला नाही. तो दोन नंबरच्या ओळीपुढं उभा होता. सखू, चोपन्न, लोअर.

"सेठ," तो म्हणाला, "बसूनच हाय हो ती."

परतताना मेट्रोत तो खिडकीबाहेरची स्टेशनं बघत बसला. मी मात्र सगळ्यांना शिव्या देत होतो: म्युझियमला, मॅडमना, वकिलाला, इंग्रजी भाषेला. त्याच्या घराजवळचं मेट्टुगुडा स्टेशन आलं, तो उतरायला उठला. दार उघडलं, लोक उतरले, चढले, आणि हा दांडा धरून तसाच उभा राहिला. पुढच्या स्टेशनवर मी त्याला हाताला धरून उतरवलं.

चौदा एप्रिल कोरडा गेला. वस्तीत निळे झेंडे लागले, मिरवणूक निघाली. हा दिवसभर न्हाणीच्या पीव्हीसी दारासमोर स्टूल टाकून बसला. त्याच वर्षी पिंकीला मुलगी झाली, सुजाता. तीही कुठं चढली नाही.

तेविसला मीच त्याच्या मागं लागलो. म्हटलं दुसरा पत्रा आण, मरू दे तो कागद, कोण येतंय लालागुड्यात बघायला? त्यानं भंगारातून एक दरवाजा आणला. पण तो अडून बसला. "सखूचं नाव या पत्र्यावर कुठं हाय? झाकू काय?" मग ठरलं की आधी जुना चार्ट जसाच्या तसा लिहायचा, आठ दिवस वाळू द्यायचा आणि चौदाला झाकायचा. मला मोठी अक्कल सुचल्यासारखं वाटलं. त्यानं सात तारखेला चार्ट लिहिला. बदामी थर, चॉकलेटी अक्षरं. पिंकीनं हौसेनं त्याचा फोटो काढून फोनवरून सगळ्यांना पाठवला. अकरा तारखेला वकिलाचं पत्र आलं. ही वस्तू कराराचा भंग आहे, ती म्युझियमच्या ताब्यात द्यावी किंवा नष्ट करावी.

"घाल केराच्या टोपलीत!" मी ओरडलो.

"सही माझी हाय, सेठ."

"सही तुझी, अक्कल माझी होती! माझ्या अकलेला लाग ना आग, तू कशाला भोगतोस?"

"कागदावर आलं म्हंजी ऑर्डर हाय," तो म्हणाला. छत्तीस वर्षांत त्यानं इन्स्पेक्टरच्या खडूची खूण असल्याशिवाय एकाही डब्याला ब्रश लावला नव्हता. बारा तारखेला त्यानं स्वतःच्या हातानं तो पत्रा उघडा होईपर्यंत खरवडला. सखूचं नाव त्याला झाकायचं होतं, आणि खरवडून काढावं लागलं. ते वेगळं असतं. झाकलेलं नाव आत राहतं. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून खरवडण्याचा आवाज ऐकला आणि आत गेलो नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

मग मी ज्युबिली हिल्सला गेलो. वसुंधरा मॅडमनी मला आत बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. सखूचं कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि म्हणाल्या, मग तर आता हात लावणं शक्यच नाही. तो दरवाजा त्यांच्या बायकोला अमर करतोय. युरोपातलं एक म्युझियम तो प्रदर्शनासाठी मागतंय, लाखो लोक तिचं नाव वाचतील. हेच मी सखूला म्हणालो होतो. मी म्हटलं, मॅडम, तिला अमर करा असं कुणी सांगितलं होतं? त्या माणसाला बायकोला निरोप द्यायचाय. त्या म्हणाल्या, मी काहीतरी करते.

केलं ते असं. दोन हजार चोविसच्या चौदा एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता म्युझियममध्ये कार्यक्रम. दरवाजाच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म लावणार आणि संघपाल त्या फिल्मवर या वर्षीचा चार्ट लिहिणार. मूळ वस्तूला धक्का नाही आणि कलाकाराची परंपराही चालू. तेजश्री हे सांगायला लालागुड्यात आली तेव्हा तिला मनापासून आनंद झाला होता. पोरीनं त्यासाठी खूप भांडण केलं होतं, हेही खरं.

"सगळीकडं रंग द्यायचा का फिल्मवर?" संघपालनं विचारलं.

"नाही अंकल, फक्त लेटर्स. बॅकग्राउंड नाही. ओरिजिनल दिसायला पाहिजे ना पाठीमागून."

"मग एक पट्टी. दोन नंबरच्या ओळीवर. बोटभर रुंद."

तेजश्रीनं तिथूनच फोन लावला. पाच-सात मिनिटं इंग्रजीत बोलली, एकदा तर तिचा आवाजही चढला. मग फोन ठेवून खाली बघत म्हणाली, "सॉरी अंकल. ओरिजिनलचा कुठलाच पार्ट झाकता नाही येणार. फोटोमध्ये येतो तो."

"सरे, ठीक हाय," संघपाल म्हणाला. त्यानं तिचा चहाचा कप उचलून आत ठेवला. मग म्हणाला, "येतो मी."

मी माझ्या पिशवीत बदामी रंगाचा अर्धा लिटर डबा घेऊन गेलो होतो. वाटलं होतं, गर्दीत एखादा क्षण मिळाला तर त्याच्या हातात देईन. दारातच पहारेकऱ्यानं "सार, बॅग इक्कड पेट्टंडी" म्हणून पिशवी ठेवून घेतली आणि बिल्ला दिला. दोनशे माणसं होती. चांगले कपडे, हळू आवाज. पिंकी, कुलदीप आणि कडेवर सुजाता पुढच्या खुर्च्यांवर. मॅडम बोलल्या, आणखी एक जण बोलला. मग संघपाल उठला. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायांत कारखान्याचे बूट.

त्यानं काठी टेकवली, ब्रश बुडवला. मला वाटलं आता पहिली ओळ. त्याचा हात वर गेला, एक नंबरच्या उंचीला थांबला, दोन नंबरच्या उंचीला आला, तिथंही थांबला. मग हात आणखी खाली आला आणि त्यानं तीनपासून लिहायला घेतलं. तीन, पिंकी, एकतीस. चार, कुलदीप, तेहतीस. पाच, सुजाता, दोन. अक्षरं तशीच, जोड न दिसणारी. खाली वेटिंगमध्ये मी. लोकांना चार्ट पुराच दिसला, कारण वरच्या दोन ओळी काचेतून जुन्याच दिसत होत्या. संघपाल, सखू, पिंकी, कुलदीप, सुजाता. टाळ्या वाजल्या. मॅडमनी डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या. मला काही कळलं नव्हतं.

पाहुणे खाण्याच्या टेबलांकडं गेले. हातमोजे घातलेल्या दोन माणसांनी फिल्म जपून सोडवली आणि वाळायला एका लांब पांढऱ्या टेबलावर पसरली. मॅडमनी येऊन सांगितलं की ही आता वेगळी कलाकृती म्हणून दरवाजाबरोबरच राहील. करारात तसं होतंच, नववं पान. संघपाल कोपऱ्यात ब्रश धूत होता.

पिंकी तेलुगू शाळेत शिकली. तिला मराठी वाचता येतं ते न्हाणीच्या दारावरून शिकलेलं, घरच्यांची नावं आणि आकडे, तेवढंच. ती टेबलाशी गेली, सुजाताला तिचं नाव दाखवायला. दाखवलं. मग तिचं बोट वर सरकलं, आणि वर नुसतं पांढरं टेबल.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं नाव राहिलं."

संघपालनं ब्रश फडक्याला पुसला. "राहिलं नाही."

त्या घरात चार्टात नाव नसण्याचा एकच अर्थ होता, आणि तो पिंकीला लहानपणापासून माहीत होता. तिनं सुजाताला कुलदीपच्या हातात दिलं. "ऐसा नक्को करो बाबा. लिहा. अभी लिहा."

"काय लिहू?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा, दुकानात रंग मागायचा तसा. "तुझ्या आईला उतरू देईनात. ती त्या डब्यात बसून हाय. मी या गाडीत चढलो म्हंजी ती तिथं एकटीच ऱ्हाती. मी तिच्यासमोर लोअरलाच हाय, पोरी. मला तिथंच राहू दे."

मी काहीतरी बोलायला गेलो. माफी मागायची होती की त्याच्यावर ओरडायचं होतं, कोण जाणे. सही करताना नावाखाली मारलेल्या त्या दोन रेघा मात्र डोळ्यांपुढं आल्या.

पिंकीनं बापाच्या हातातला ब्रश ओढून घेतला, चॉकलेटी रंगात बुडवला आणि टेबलाकडं धावली. तेजश्री मध्ये आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं दोन्ही हात आडवे धरले. "ताई, प्लीज. वर्क पूर्ण झालं ना आता. प्लीज." तोवर त्या दोघांनी फिल्म उचलली, कागद घालून गुंडाळली आणि लांब नळकांड्यात सरकवली. पिंकीला 'संघपाल' लिहिता येत होतं. ती टेबलापुढं ब्रश धरून उभी राहिली, आणि लिहायला काही उरलं नव्हतं.